लिव्हर-ॲक्शन रायफल अजून का टिकून आहे, आणि आजोबांच्या विंचेस्टरचं काय करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांच्या परवान्यावरची विंचेस्टर ९४ घरात आहे, लिव्हर-ॲक्शन, म्हणजे चापाखालचा फास खाली-वर करून भरायची. बोअर (नळीच्या आतलं माप आणि त्याचं काडतूस) .३०-३०, बोलण्यात थर्टी-थर्टी. आजोबा गेल्या वर्षी गेले. रायफल हातात घेतली की खाली ठेववत नाही. पण मित्र म्हणतात, ही सिनेमातल्या काऊबॉयची वस्तू, बोल्ट-ॲक्शनपुढे, म्हणजे बाजूचा दांडा ओढून भरायच्या रायफलीपुढे, तिला कोण विचारतो? मग अमेरिकेत आजही लोक नव्या कोऱ्या लिव्हर-ॲक्शन का घेतात, तिचा खरा उपयोग काय, आणि तुमच्याकडच्या रायफलचं पुढे काय करायचं?

शेवटचं आधी घेतो, कारण त्यात उशीर चालत नाही. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. आजोबा गेले तेव्हापासून ती रायफल घरात ठेवण्याचा हक्क तुमच्यापैकी कुणालाच नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याचं कलम २१ सांगतं की अशा वेळी शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायचं. ‘जमा केली म्हणजे गेली’ ही भीती पेठांमधल्या जुन्या घरांत फार आहे, आणि त्यापायी लोक बंदुका माळ्यावर दडवून स्वतःला अडचणीत आणतात. जमा केलेल्या शस्त्रावरचा वारसाचा हक्क संपत नाही. मात्र ठरावीक मुदतीत परवाना मिळवला नाही किंवा विक्री केली नाही, तर ते सरकारजमा होऊ शकतं. २०१६च्या शस्त्र नियमांत वारसांसाठी वेगळी तरतूद आहे. पुणे शहरात अर्ज पोलीस आयुक्तालयात करायचा, आयुक्तालयाच्या हद्दीबाहेर जिल्हाधिकारी कार्यालयात. आजोबांचा मूळ परवाना, मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची ना-हरकत ही कागदपत्रं आधी गोळा करा. तुमच्या नावावर आधीच दोन शस्त्रं असतील तर तिसरं मिळणार नाही, २०१९च्या दुरुस्तीने ती मर्यादा आली. जमा करताना पावती घ्या, आणि पावतीवर रायफलचा क्रमांक, बोअर आणि सोबतच्या काडतुसांची संख्या लिहिलेली आहे ना ते तिथेच उभं राहून वाचा.

आता रायफलकडे वळू. मी खडकीला लष्करी वर्कशॉपमध्ये आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा कारागीर होतो. निवृत्तीनंतर जुन्या शिकारी बंदुकांचं काम करत आलो. लिव्हर-ॲक्शन लोकांना आवडते ती सिनेमामुळे, हे सरसकट ऐकायला मिळतं. मला ते अर्धंच पटतं. कॅम्पातल्या वेस्ट एंडला किंवा अलकाला वेस्टर्न पाहून मोठी झालेली आमची पिढी आहे, तेव्हा सिनेमाचा वाटा मी नाकारत नाही. पण सिनेमा माणसाला दुकानापर्यंत नेतो. एकदा घेतलेली रायफल तो चाळीस वर्षं वापरतो आणि मग नातवाला देतो, त्यामागे कारण वेगळं असतं.

ते कारण तुमच्या हाताला आधीच कळलेलं आहे. ९४ची कार्बाइन साधारण तीन किलोची, नळी २० इंची, एकूण लांबी ३८ इंचांच्या आसपास. तिचा मधला पोलादी भाग, ज्याला रिसीव्हर म्हणतात, तो चपटा आणि अरुंद असतो. मूठ खालून त्याच्याभोवती पूर्ण वळते, आणि रायफलचा तोल नेमका तिथेच येतो. बाहेर आलेला बोल्टचा दांडा नाही, खाली लोंबणारं मॅगझिन नाही, वर दुर्बीण नाही. ती खोगिराला लटकवलेल्या चामडी म्यानात जाते, जीपच्या सीटमागे जाते, करवंदीच्या जाळीतून चालताना कुठे अडकत नाही. आणि शिकारी, गुराखी किंवा वनरक्षक दिवसभरात रायफल झाडतो किती? बहुतेक दिवशी एकदाही नाही. तो ती वागवतो. वागवायला इतकी सोयीची आणि वेळेला अनेक बार काढणारी दुसरी रायफल तिच्या काळात नव्हती, आणि आजही फारशा नाहीत. माझ्या मते तिच्या टिकाऊपणाचं मूळ इथे आहे. बाकी सगळं नंतर येतं.

यंत्र समजून घेतलं तर पुढचं सोपं जाईल. चापाभोवतीचं कडं आणि त्याला जोडलेला लांबट फास म्हणजे लिव्हर. तो खाली-पुढे ढकलला की बोल्टमागे, म्हणजे काडतुसाला मागून बंद करणाऱ्या सरकत्या पोलादी दांड्यामागे, उभा असलेला अडसर खाली सरकतो, बोल्ट मोकळा होऊन मागे येतो. त्याच्या तोंडावरचा एक्स्ट्रॅक्टर रिकाम्या काडतुसाची कड धरून त्याला चेंबरमधून, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या काडतूस बसायच्या जागेतून, ओढतो आणि इजेक्टर ते वरून बाहेर फेकतो. मागे येता येता बोल्ट घोडा चढवतो. तेवढ्यात नळीखालच्या नळकांड्यातून, म्हणजे ट्यूब मॅगझिनमधून, पुढचं काडतूस कॅरिअर नावाच्या पाळण्यावर येऊन पडतं. पाळणा ते उचलून चेंबरच्या तोंडाशी धरतो. लिव्हर परत वर ओढली की बोल्ट काडतूस आत ढकलतो आणि अडसर पुन्हा मागे उभा राहतो. ९४मध्ये लिव्हर शेवटपर्यंत दाबून मिटल्याशिवाय चाप चालतच नाही. ही सोय मुद्दाम ठेवलेली आहे, कारण बोल्ट अर्धवट मिटलेला असताना बार उडाला तर त्याचा सगळा जोर झाडणाऱ्याच्या तोंडावर येईल.

या सगळ्यात उजवा हात दस्त्याची मान फारशी सोडत नाही. बोल्ट-ॲक्शनमध्ये हात काढून दांडा उचला, ओढा, ढकला, बसवा आणि मग पुन्हा चापावर या. लिव्हरमध्ये बोटं त्याच फासात राहतात आणि गाल दस्त्यावरून हलत नाही. डावखुऱ्या माणसाला तर ही रायफल जणू त्याच्याचसाठी केल्यासारखी वाटते, कारण यंत्राला डावं-उजवं जवळपास नाहीच. उघडा घोडा हा आणखी एक गुण. रायफल चढलेली आहे की नाही, हे अंधारातही अंगठ्याला कळतं.

इथवर यायला चांगली चार-पाच दशकं लागली. १८५०च्या दशकात होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन यांनी व्होल्कॅनिक नावाची लिव्हरची हत्यारं काढली. त्यांच्या गोळीच्या पोकळ बुडातच दारू भरलेली असे, त्यामुळे मारा अगदीच दुबळा. कंपनी बुडायला लागली तेव्हा ती ऑलिव्हर विंचेस्टरच्या हाती गेली. हा गृहस्थ न्यू हेवनचा शर्टांचा कारखानदार, बंदुकीशी त्याचा काही संबंध नव्हता. पण त्याने बेंजामिन टायलर हेन्री हा कारागीर नेमला, आणि १८६०मध्ये हेन्री रायफल आली. .४४ बोअरचं धातूचं काडतूस, नळकांड्यात एका वेळी पंधरा-सोळा. अमेरिकेच्या यादवी युद्धात, जिथे बहुतेक शिपाई प्रत्येक बाराला तोंडाकडून दारू ठासत होते, तिथे ही रायफल शत्रूला भुताटकीच वाटली असणार. तिची अडचण भरण्याची होती. काडतुसं पुढच्या टोकाकडून भरायची, नळकांड्याला खालून लांब चीर असल्याने त्यात माती जायची, आणि आतला दट्ट्या मागे सरकत येताना डाव्या हाताला अडायचा. १८६६च्या मॉडेलमध्ये नेल्सन किंगने रिसीव्हरच्या उजव्या बाजूला स्प्रिंगचं झाकण दिलं. त्यातून काडतूस अंगठ्याने आत सारायचं, झालं. रायफल न उघडता, खांद्यापाशी धरूनच भरता येऊ लागली. तुमच्या ९४ला आजही तेच झाकण आहे. त्या १८६६च्या रायफलचा रिसीव्हर गनमेटलचा होता, म्हणून तिचं टोपणनाव ‘यलो बॉय’ पडलं. आपल्या भोसरी-चिंचवडच्या वर्कशॉपांत बुश करायला वापरतात त्याच जातीचा धातू.

१८७३चं मॉडेल लोखंडी रिसीव्हरचं आलं आणि सोबत .४४-४० काडतूस. पुढे कोल्टचं रिव्हॉल्वरही त्याच काडतुसात निघालं, त्यामुळे घोडेस्वाराला पट्ट्यात एकाच प्रकारची काडतुसं बाळगून दोन्ही हत्यारं चालवता येऊ लागली. ही सोय किती मोलाची, हे दूर रानात राहणाऱ्यालाच कळेल. पण या सगळ्या रायफलींच्या आत बोल्टला आधार होता तो दोन सांध्यांच्या दुव्यांचा. गुडघा ताठ केला की पाय माणसाचं वजन पेलतो आणि जरा वाकला की कोसळतो, तसं ते काम. पिस्तुलाच्या ताकदीच्या काडतुसापर्यंत ठीक, त्यापुढे धोका. ही मर्यादा जॉन मोझेस ब्राउनिंगने मोडली. १८८६च्या मॉडेलमध्ये त्याने बोल्टच्या दोन्ही बाजूंना उभे पोलादी अडसर बसवले. मग १८९२चं छोटं मॉडेल आलं आणि १८९४मध्ये तुमचं. दुसऱ्याच वर्षी त्यात .३०-३० आलं, अमेरिकेतलं धूररहित दारूचं पहिलं शिकारी काडतूस. १७० ग्रेनची, म्हणजे अकरा ग्रॅमची गोळी, सेकंदाला साधारण ६७० मीटर वेग. पुढे या मॉडेलच्या ७० लाखांहून जास्त रायफली निघाल्या.

मग फौजांनी ती का घेतली नाही? थोडी घेतली. तुर्कांनी १८६६च्या विंचेस्टर हजारोंनी विकत घेतल्या होत्या. १८७७मध्ये प्लेव्हनाच्या खंदकांवर रशियन पायदळ जवळ येईपर्यंत तुर्क लांब पल्ल्याच्या एकबारी पीबॉडी-मार्टिनी चालवत, आणि जवळ आलं की शेजारी ठेवलेल्या विंचेस्टर उचलत. रशियनांचं भयंकर नुकसान झालं. पहिल्या महायुद्धात रायफली पुरेनात तेव्हा त्याच रशियाने विंचेस्टरचं १८९५चं मॉडेल आपल्या ७.६२ काडतुसात करवून सुमारे तीन लाख घेतलं. तरी लष्कराचा कल बोल्ट-ॲक्शनकडेच गेला, आणि बरोबर गेला. शिपाई पोटावर पडून झाडतो, तेव्हा लिव्हर खाली फिरवायला जमीन आडवी येते. बोल्ट-ॲक्शनला क्लिपने पाच काडतुसं एका दाबात भरता येतात, नळकांड्यात एकेक सारावं लागतं. यंत्रात उघड्या फटी जास्त, खंदकातला चिखल आत जातो. आणि टोकदार गोळी आल्यावर तर ट्यूब मॅगझिनचा कारभारच आटोपला. नळकांड्यात काडतुसं एकामागे एक असतात, मागच्या गोळीचं टोक पुढच्याच्या बुडातल्या प्रायमरला, म्हणजे ठोका बसला की पेटणाऱ्या टिकलीला, टेकतं. बाराच्या धक्क्याने ते टोक प्रायमरवर आपटलं तर नळकांड्यातच स्फोट होऊ शकतो. म्हणून .३०-३०च्या गोळ्या चपट्या किंवा बोथट नाकाच्या. २००५च्या सुमाराला हॉर्नेडी कंपनीने मऊ रबरी टोकाची गोळी काढून हा प्रश्न बराच सोडवला. १८९५च्या मॉडेलला आणि सॅव्हेज कंपनीच्या ९९ या लिव्हर-ॲक्शनला तो प्रश्न नव्हताच. पहिल्याला पेटीचं मॅगझिन, दुसऱ्याला फिरतं. सॅव्हेज ९९ हे माझं लाडकं यंत्र. घोडा आत, टोकदार गोळी चालते, आणि आतलं काम घड्याळजीने केल्यासारखं. अशी रायफल बाजारातून गेली याचं मला अजून वाईट वाटतं.

आपल्याकडे ती फारशी रुजली नाही. ब्रिटिश फौजेची मार्टिनी-हेन्री इथे भरपूर होती, आणि तिलाही खाली लिव्हर असते, म्हणून जुन्या वाड्यातली मार्टिनी दाखवून लोक ‘ही विंचेस्टर ना?’ असं विचारतात. ती एकबारी आहे, तिला मॅगझिन नाही. लिव्हर ओढली की फक्त ठोकळा खाली जातो, काडतूस हाताने घालायचं. साहेबी शिकाऱ्यांचा ओढा मोठ्या जनावरांसाठी दुनळी रायफलीकडे आणि बाकीसाठी जर्मन घडणीच्या माउझर बोल्ट-ॲक्शनकडे होता. जिम कॉर्बेटची .२७५ रिग्बी हीसुद्धा माउझरच. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मात्र १९०९मध्ये आफ्रिकेत सिंहांसाठी १८९५चं .४०५ मॉडेल घेऊन गेले होते आणि तिच्यावर बेहद्द खूश होते. तेव्हा मोठ्या जनावराला ती चालत नाही असं नव्हतं. आपल्या बाजारात ती कमी होती, इतकंच.

आता उपयोग. जिथे ती खरोखर कामाची आहे ते म्हणजे दाट रान. जनावर पन्नास-शंभर मीटरवर दिसतं, क्षणात नाहीसं होतं, तिथे हलकी, आखूड, पटकन खांद्याला लागणारी रायफल हवी. थर्टी-थर्टीचा मला मान्य असलेला पल्ला दीडशे मीटर, चांगल्या नेमबाजाच्या हाती दोनशे. त्यापलीकडे गोळी झपाट्याने खाली बसते. पण अमेरिकेच्या पूर्वेकडच्या जंगलांत हरणावरचे बहुतेक बार त्याच्या आतच होतात, आणि म्हणूनच तिथे तिला पर्याय शोधायची कुणाला घाई नाही. अलास्कासारख्या अस्वलांच्या मुलुखात मार्लिन कंपनीची .४५-७०ची लिव्हर-ॲक्शन कामगार आणि मासेमार बाळगतात. काडतूस १८७३चं, गोळी जाडजूड, जवळून धावून येणाऱ्या अस्वलासाठी लागतं तेवढं बळ आणि लागोपाठचे बार. .३५७ मॅग्नम हे रिव्हॉल्वरचं काडतूस लांब नळीतून झाडलं की त्याचा वेग बराच वाढतो, धक्का मात्र नगण्य. आणि .२२ची लिव्हर-ॲक्शन ही पोराला नेमबाजी शिकवायला मला सगळ्यात आवडते. प्रत्येक बारानंतर मुद्दाम हात हलवावा लागतो, त्यामुळे काडतुसं उधळली जात नाहीत आणि पोर नेम धरायला शिकतं.

कायद्यानेही तिला नवं आयुष्य दिलं, हे फारसं कुणी बोलत नाही. ब्रिटनमध्ये १९८८ साली मोठ्या बोअरच्या स्वयंचलित भरणाऱ्या रायफली बंद झाल्या, १९९७मध्ये पिस्तुलं गेली. मग क्लबांतले नेमबाज .३५७च्या लिव्हर-ॲक्शनकडे वळले. पिस्तुलाच्या रेंजवर त्याच काडतुसाची रायफल चालवायची, असा तो खेळ. ऑस्ट्रेलियात १९९६नंतर सेमी-ऑटोमॅटिकवर कडक निर्बंध आले, लिव्हर-ॲक्शन रायफल साध्या वर्गात राहिली. तिथे पुढे लिव्हरच्या शॉटगनवरून मोठा वाद झाला आणि पाचपेक्षा जास्त काडतुसांच्या शॉटगन कडक वर्गात गेल्या, पण रायफलींना हात लागला नाही. अमेरिकेत ‘काऊबॉय ॲक्शन’ स्पर्धांचं वेगळंच विश्व आहे. एकोणिसाव्या शतकातल्या धाटणीची हत्यारं, कपडेही तसेच. त्यांच्यासाठी इटलीतली उबेर्ती १८७३च्या नकला बनवते. तिथले तरबेज लोक दहा बार ज्या वेगाने काढतात तो पाहून बोल्ट-ॲक्शनवाल्यांनी गप्प बसावं.

बाजारातली उलथापालथही बोलकी आहे. २००६मध्ये न्यू हेवनचा विंचेस्टरचा कारखाना बंद पडला तेव्हा लोकांनी शोकसभा घेतल्यासारखं केलं होतं. आज विंचेस्टरच्या नावाची ९४ जपानमध्ये मिरोकूच्या कारखान्यात होते, आणि फिटिंग पाहिलं तर न्यू हेवनच्या शेवटच्या वर्षांतल्यापेक्षा सरस. मार्लिन २०२०मध्ये रूगर या दुसऱ्या बंदूक कंपनीने घेतली. स्मिथ अँड वेसननेही २०२४मध्ये १८५४ नावाची नवी लिव्हर-ॲक्शन काढली. मरायला टेकलेल्या मालात इतके कारखानदार पैसे घालत नाहीत. हल्ली काळ्या प्लॅस्टिकचे दस्ते आणि टॉर्चसाठी पट्ट्या लावलेल्या लिव्हर-ॲक्शन निघतात. मला त्या बघवत नाहीत, पण चालतात उत्तम, आणि तरुण गिऱ्हाईक त्यांनाच जास्त आहे.

सिनेमाबद्दल एकच. नायक खलनायकाला धमकावताना दर वाक्याला लिव्हर खाली-वर करतो. खऱ्या रायफलमधून तेवढ्या वेळा न झाडलेली चांगली काडतुसं जमिनीवर पडली असती आणि संवाद संपेपर्यंत मॅगझिन रिकामं झालं असतं.

पुण्यात बसून तुम्हाला तिचा उपयोग काय, हा प्रश्न मात्र रास्त आहे, आणि उत्तर फारसं उत्साहाचं नाही. शिकार १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकराबाबत वनखात्याच्या परवानगीची तरतूद आहे, पण ती परवानगी असलेल्या शेतकऱ्याला मी इशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ बोल्ट-ॲक्शन सुचवेन, कारण तिची काडतुसं मिळतात. जुन्नर-आंबेगावकडून बिबट्याबद्दल हमखास विचारणा होते. त्याला उत्तर एकच, वनखात्याला फोन. रायफलचा तिथे संबंध नाही. बालेवाडीच्या रेंजवर रायफलचे जे खेळ चालतात ते दहा मीटर एअर रायफल आणि ५० मीटर .२२चे. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४मध्ये पॅरिसला ज्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं, त्यात लिव्हर-ॲक्शनला जागाच नाही. घराच्या संरक्षणासाठी म्हणाल, तर फ्लॅटमध्ये थर्टी-थर्टीची गोळी वीटकाम भेदून शेजाऱ्याकडे जाईल. तो विचार सोडा.

सगळ्यात मोठी अडचण काडतुसाची. आपल्या सरकारी कारखान्यांचा नागरी माल म्हणजे .३१५, .३०-०६, .२२, .३२ आणि बारा बोअर. त्या कारखान्यांची म्युनिशन्स इंडिया ही कंपनी आपल्या पुण्यातच आहे, पण .३०-३० तिच्याकडे होत नाही. आणि एक गोंधळ मी वारंवार पाहतो. बोलण्यात दोन्हींना ‘थर्टी’ म्हणतात, म्हणून .३०-३०च्या मालकाला कुणीतरी .३०-०६ची काडतुसं आणून देतं. .३०-०६ची पितळी नळी ६३ मिलिमीटर लांब, .३०-३०ची ५२च्या आसपास. आतला दाब अनुक्रमे ६० हजार आणि ४२ हजार पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचावर इतके पौंड. ते बसणार नाही, आणि बसवण्यासाठी चेंबर मोठा करून द्यायची भाषा जो कारागीर करेल त्याच्याकडून रायफल घेऊन तडक घरी या. आजोबांच्या डब्यात उरलेली काडतुसं असतील तर तीही जमा करायची आहेत. पितळेवर हिरवट बुरशी किंवा मानेशी बारीक चीर दिसली तर ती झाडायच्या लायकीची नाहीत.

परवाना तुमच्या नावावर होऊन रायफल परत मिळाली की पहिलं काम तपासणीचं. ट्यूब मॅगझिनचा एक धोका लक्षात ठेवा. लिव्हर उघडून चेंबर रिकामा दिसला म्हणजे रायफल रिकामी असं नाही. नळकांड्यात गंजलेल्या स्प्रिंगमुळे अडकलेलं काडतूस राहू शकतं, आणि लिव्हर मिटताना ते अचानक सुटून पाळण्यावर येतं. नळी सुरक्षित दिशेला धरून, बोट चापाबाहेर ठेवून लिव्हर पूर्ण चालवत राहा, आणि आतल्या दट्ट्याचं टोक पाळण्याशी डोळ्यांनी दिसेपर्यंत समाधान मानू नका. मग उजेडात चेंबर पाहा, आणि लिव्हरला किती झोल आहे ते बघा. जुन्या रायफली अडकतात याची बहुतेक तक्रार यंत्राची नसून हाताची असते. नवखा माणूस लिव्हर अर्धीच खाली नेतो, रिकामं काडतूस बाहेर पडत नाही आणि नवं वर यायला बघतं. लिव्हर सणसणीत, शेवटपर्यंत, दोन्हीकडे. हळुवारपणा या यंत्राला मानवत नाही. मार्लिनमध्ये खरा दोष एक असतो. लिव्हरची जी कड पाळण्याला उचलते तिची धार पाळण्याला खात जाते, पाळणा केसभर उशिरा उठतो आणि मागचं दुसरं काडतूस त्याच्याखाली घुसतं. मग लिव्हर ना खाली, ना वर. अशा वेळी जोर लावून तोडमोड करू नये, आर्मररकडे न्यावी.

पुण्याच्या पावसाळ्यात रायफल चामड्याच्या किंवा कॅनव्हासच्या म्यानात कधीच ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि श्रावण संपेपर्यंत नळीवर तांबूस ठिपके येतात. आर्मरर लोक ज्याला अजून रंगून ऑइल म्हणतात त्या जातीचं कुठलंही चांगलं गन ऑइल बाहेरून पातळ पुसा, आत थेंबभर. जास्त तेल मातीला धरून ठेवतं. ९४ मागून साफ करता येत नाही, सळई तोंडाकडूनच घालावी लागते, म्हणून पितळी गाइड वापरा. नाहीतर सळईच्या घासण्याने नळीचं तोंड झिजतं आणि रायफल कायमची चुकार होते. मार्लिनला लिव्हरचा एक स्क्रू काढला की बोल्ट बाहेर येतो आणि मागून स्वच्छ करता येते. या बाबतीत मार्लिनवाले सुखी.

आणि दुर्बीण बसवायचा मोह होईल. जुन्या ९४चं रिकामं काडतूस सरळ वर उडतं, त्यामुळे दुर्बीण डोक्यावर नीट बसत नाही, बाजूला सरकवून बसवावी लागते. १९८२च्या सुमारापासूनच्या रायफलींत ते तिरकं बाहेर पडतं, त्यांना चालते. दुर्बिणीचा विचार करण्याआधी रिसीव्हरच्या खाली पुढच्या बाजूला कोरलेला क्रमांक वाचा. १९६४मध्ये विंचेस्टरने खर्च वाचवायला यंत्रातले बरेच भाग बदलले, आणि तिथून क्रमांक २७,००,०००पासून सुरू केले. तुमचा क्रमांक त्याच्या खाली असेल तर ती जुन्या घडणीची आहे. तिच्या रिसीव्हरला कुणालाही ड्रिल लावू देऊ नका, कारण संग्राहक भोकं पाडलेल्या रायफलला जवळपास निम्माच भाव देतात.